गडद रंगाचे पायजमे

पुरुषांचे कपडे शिवणं हा माझा धंदा. हिंगोलीत स्टेशनच्या रस्त्याला माझं छोटं दुकान आहे. मिसरूड फुटलं तेव्हापासून मी परक्या पुरुषांच्या कंबरेभोवती हात घालून टेप धरत आलोय. या कामात माणसाचं अंग जेवढ्या जवळून दिसतं, तेवढं त्याच्या बायकोनंही उजेडात पाहिलेलं नसतं. आणि खरं सांगायचं तर मला त्याची किळस येते. पहिल्यापासून येते. धंद्याला लागलो तेव्हा उस्ताद म्हणायचे, होईल सवय. सवय झाली ती श्वास रोखून माप घ्यायची.

लग्नसराईत नवरदेव येतात. पंचविशीची पोरं, पण गळ्याचं माप घ्यायला मान वर करायला सांगितली की तोंडातून गुटख्याचा असा भपकारा येतो की माझे डोळे चुरचुरतात. कितीजणांचं तोंड नीट उघडतही नाही. 'बाह्या लांब ठेवा' एवढं म्हणताना ओठांच्या कोपऱ्यातून लाल रस गळतो, तो मनगटानं पुसतात, मग तेच मनगट माझ्यासमोर मापाला धरतात. चाळिशीतले वेगळेच. त्यांना पँटचं माप पोटाखालून घ्यायचं असतं, म्हणजे आकडा मोठा येत नाही. पोट टेपवर लोंबत असतं आणि हे आरशात बघून छाती पुढं काढतात. म्हाताऱ्यांच्या पँटी अल्टरला येतात, पुढून पिवळे, कडक झालेले डाग घेऊन. धुऊन आणा म्हटलं की राग येतो. म्हणून मी पाटीच लावून टाकली, अल्टरचे कपडे धुतलेले असावेत.

ही सगळी माणसं दुकानात बसून हळदीच्या भावावर बोलतात, निवडणुकीवर बोलतात, दुसऱ्याच्या पोरीवर बोलतात. स्वतःच्या अंगाबद्दल अवाक्षर नाही. जणू ते अंग कुणा दुसऱ्याचं आहे आणि हे फक्त ते घेऊन हिंडतात.

माझ्या घरात हे सगळं शिरलं ते माझ्या सासऱ्यांबरोबर.

सासरे सेनगावकडच्या साखरा गावचे. कोरडवाहू जमीन, पण माणूस टापटिपीचा. मी त्यांना मामा म्हणतो. आयुष्यभर पांढरं धोतर आणि पांढरा सदरा, तोही नीळ घातलेला. पौर्णिमेला विहारात वंदनेला निघाले की रस्त्यावरचा चिखल त्यांना वाट करून देतो असं माझी बायको गमतीनं म्हणायची. ती त्यांची एकुलती एक लेक. सासूबाई गेल्या, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्याला आम्ही हिंगोलीला घेऊन आलो. जावयाच्या घरी राहायचं त्यांना जड गेलं, पण ते बोलले नाहीत. समोरच्या खोलीत खिडकीखाली त्यांची बाज टाकली.

आल्यावर थोड्याच दिवसांनी एका सकाळी ते दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा हळूच म्हणाले की दोन पायजमे शिवून द्या. मला नवल वाटलं, कारण पायजमा त्यांनी कधी घातला नव्हता. मी पांढऱ्या कापडाचा तागा काढला तर त्यांनी मान हलवली. चॉकलेटी पाहिजे, नाहीतर काळा. आणि पुढच्या बाजूनं आतून कापडाचा आणखी एक थर लावा म्हणाले, थंडी वाजते. ते दिवस उन्हाळ्याचे होते.

मी काही विचारलं नाही. सासऱ्याला जावयानं काय विचारायचं असतं, याचीही एक हद्द असते. पायजमे शिवून दिले.

मग घरात वास यायला लागला.

सुरुवातीला आम्हाला वाटलं मोरीचा असेल. बायकोनं फिनेल टाकून मोरी घासली. मग वाटलं बाहेरची नाली तुंबली असेल, तर माणूस बोलावून ती उपसून घेतली. वास गेला नाही. तो सकाळी कमी असायचा, दुपारी ऊन चढलं की पत्र्याखालच्या त्या खोलीत साचायचा, आणि संध्याकाळी मी दुकानातून येऊन चप्पल काढायच्या आधीच उंबऱ्यावर मला गाठायचा. आंबट, जुनाट, नवसागरासारखा नाकात चढणारा. मला ताटावर बसवेना. पोळीचा घास तोंडाजवळ नेला की तोच वास भाजीतून आल्यासारखा वाटायचा. मी दुकानातच डबा मागवून जेवायला लागलो. बायको समजली, पण ती तरी काय बोलणार.

एक दिवस बाजेखाली झाडताना तिला पाण्याची एक जुनी बाटली सापडली. झाकण घट्ट लावलेली, अर्धी भरलेली, गढूळ, पिवळी. गादीखाली वर्तमानपत्राचे थर होते, ओले होऊन वाळलेले, एकमेकांना चिकटलेले. ती बाटली तिनं मोरीत ओतली, धुतली आणि जिथं होती तिथं परत ठेवली. मला स्वयंपाकघरात बोलावून सांगताना तिचा चेहरा रडल्यासारखा नव्हता, चिडल्यासारखा होता.

"मी लेक आहे, मी कसं विचारू?" ती म्हणाली. "तुमी पुरुष हाव. तुमी तरी बोला."

मी बोललो. दुपारी ती बाजारात गेल्यावर त्यांच्या बाजेवर न बसता खुर्ची ओढून बसलो, कारण गादीकडं मला बघवत नव्हतं. लघवीची काही तकलीफ आहे का असं सरळ विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले की मला काही झालेलं न्हाई, वय झालं, या वयात सगळ्यांनाच होतं, आणि औषध चालू आहे. कसलं औषध विचारलं तर ट्रंकेतून कागदाच्या पुड्या काढून दाखवल्या. राखाडी भुकटी, शेणात लोखंडाचा गंज कालवून वाळवल्यासारखी दिसणारी. शहराबाहेर रस्त्याला एक तंबू आहे, तिथला वैद्य देतो. साखऱ्याहून बाजाराला येत तेव्हापासून ते त्याच्याकडं जात होते. म्हणजे सासूबाई होत्या तेव्हापासूनच हा त्रास होता, आणि त्याही शेवटपर्यंत गप्प राहिल्या होत्या.

"तुमी बी चला एकदा," मामा म्हणाले. "लई माणसं येतात तिथं. बघा मग."

मी गेलो. तो तंबू मी कधी विसरणार नाही.

बाहेर कापडी फलकावर एका पैलवानाचं चित्र होतं आणि खाली सगळ्या गुप्त तकलिफींची नावं. आत तेलाचा, कुजट मुळ्यांचा आणि माणसांच्या घामाचा एकत्र वास. बरण्यांत काहीबाही बुडवून ठेवलेलं, एका बरणीत घोरपडीचं शेपूट, त्याची कातडी सुटून तेलात तरंगत होती. सतरंजीवर माणसं बसलेली, एकमेकांकडं पाठ करून. मी त्यांची तोंडं बघितली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण त्यातली निम्मी माझी गिऱ्हाइकं होती. मागच्या हंगामात ज्याचा लग्नाचा सूट शिवला तो पोरगा होता, गुडघ्यात मान घालून. मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, एक दुकानदार होता, ज्याची कंबर दर दिवाळीला वाढायची आणि या वर्षी अचानक ओसरली होती. त्याच्या पायाच्या अंगठ्याला चिंधी होती, माशा बसत होत्या आणि तो त्या हाकलतही नव्हता. पलीकडं मामांच्या वयाचे दोघं, मांडीवर पिशवी घट्ट धरून. विशीपासून सत्तरीपर्यंत हिंगोलीचा अख्खा पुरुषवर्ग त्या तंबूत बसला होता आणि कुणी कुणाला ओळखत नव्हतं. एकानंही माझ्याकडं बघितलं नाही. मीही कुणाला नमस्कार केला नाही.

वैद्यानं मामांचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि हिंदीत म्हणाला की बाबा, मसाने में गर्मी है, म्हणजे मूत्राशयात उष्णता. भुकटी बदलून दिली, वर एक काळं तेल दिलं. कधीपासून त्रास, धार कशी, जळजळ आहे का, रक्त जातं का, एकही प्रश्न नाही. मग त्यानं माझा हात ओढला. त्याच्या बोटांत अंगठ्या होत्या आणि अंगठ्यांच्या फटीत तेलकट मळ. आप भी दिखा लो, म्हणाला, इस उमर में सब को कमजोरी आती है. मी हात काढून घेतला. त्याच्या बोटांचा चिकटपणा मनगटावर राहिला होता. बाहेर येऊन मी हातपंपावर तो हात कोपरापर्यंत धुतला, तरी दुपारी कापड कापताना मला तो वास येत राहिला.

परत येताना ऑटोत मी मामांना सांगितलं की हा माणूस लुच्चा आहे, आपण दवाखान्यात जाऊ. घर जवळ आलं तेव्हा मामा म्हणाले, "दवाखान्यात धोतर सोडाया लावतात, पाव्हणं. बाया असतात तिथं. हा नुसता हात बघतो."

एवढंच कारण होतं. त्या तंबूत बसलेल्या प्रत्येकाचं तेच असणार. कुणाला तिथल्या भुकटीचा गुण आला होता म्हणून ते येत नव्हते. तिथं कुणी काही उघडायला लावत नव्हतं म्हणून येत होते.

मी पुन्हा पुन्हा म्हणालो तेव्हा त्यांनी जेवण कमी केलं, आणि साखऱ्याला परत जातो म्हणायला लागले. बायको मधे पडली. शेवटी पौर्णिमा झाल्यावर दवाखान्यात दाखवीन असं कबूल केलं. पण त्या पौर्णिमेला ते विहारात गेलेच नाहीत. गल्लीतली माणसं बोलवायला आली तर अंग मोडून आलंय म्हणून सांगितलं. ते का गेले नाहीत ते मला ठाऊक होतं. विहारात पांढऱ्या कापडात, पांढऱ्या चादरीवर बराच वेळ बसावं लागतं. बायको एकटी जाऊन आली. पाणी पिणं तर त्यांनी कधीच तोडलं होतं. ओठ फुटले होते, पावलं सुजली होती, दाबलं की खड्डा पडायचा.

पुढं चार-दोन दिवसांतच, भर दुपारी, ते चालत माझ्या दुकानात आले. माझ्यासमोर एक गिऱ्हाईक हात पसरून उभं होतं आणि मी खांद्याचं माप घेत होतो. मामा बाकावर बसले आणि पुढं वाकले. तोंड राखेसारखं झालं होतं, घामानं सदरा पाठीला चिकटला होता. काय होऊन राहिलं विचारलं तर त्यांना बोलता येईना. पोटाकडं हात नेला फक्त. मी गिऱ्हाइकाला बाहेर काढलं, शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्या सदऱ्याखाली हात घातला. बेंबीखाली पोट टणक झालं होतं, आत कलिंगड ठेवल्यासारखं. सकाळपासून थेंब उतरला नव्हता.

नाडीची गाठ सोडायला गेलो तर ती ओली होऊन फुगलेली, नखानं सुटेना. मी कात्री घेतली आणि मीच शिवलेला तो चॉकलेटी पायजमा कंबरेपासून फाडला. आतल्या दुहेरी कापडातून जो वास आला त्यानं मला उमासा आला. मी तोंड फिरवलं, टेबलाच्या कडेला धरून उभा राहिलो, आणि मग पुन्हा खाली बसलो. अंगावर एक सुती कापड गुंडाळून त्यांना ऑटोत घातलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं विचारलं, कधीपासून त्रास आहे. एवढ्या कळा चालू असताना मामा म्हणाले, "आजपासूनच."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं की निदान दोन वर्षं. मामांनी डोळे मिटून घेतले.

नळी घालताना एक सिस्टर मदतीला आली. ज्या गोष्टीला ते एवढे भीत होते ती अशी झाली की एक बाई कुणाशी तरी बोलावं तसं सहज बोलत, पांघरूण बाजूला करत, काम करून गेली. मी त्यांचा हात धरून होतो. नळी आत गेली तेव्हा त्यांनी माझी बोटं इतकी आवळली की दुसऱ्या दिवशी मला सुई धरता आली नाही. मग पिशवीत धार सुरू झाली. आधी गढूळ, मग लालसर, मग चहासारखी. खोलीभर वास पसरला. एका माणसाच्या आत एवढं साठू शकतं यावर माझा विश्वास बसेना. मामांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटताना मी बघत होतो. ते रडत होते, पण ते सुटका झाल्याचं रडं होतं.

नंतर डॉक्टरनं मला बाहेर घेऊन समजावलं. पुरुषाच्या लघवीच्या वाटेवर एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात. वयानुसार ती बहुतेकांची वाढते. काहींना त्याचा त्रास होत नाही, काहींची वाटच आवळली जाते. धार बारीक होणं, रात्री पुन्हापुन्हा उठावं लागणं, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, हे सुरू झालं की दाखवायचं. वेळेत आले असते तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं, आता मूत्रपिंडांवर ताण आला आहे, आणि गाठ साधी आहे की कर्करोगाची तेही बघावं लागेल. मग त्यानं माझं वय विचारलं. मी पन्नास ओलांडलीत म्हटल्यावर तुमचं बीपी, शुगर कधी तपासलं होतं म्हणाला. मी म्हटलं मला काही त्रास नाही.

ते शब्द माझ्या तोंडातून निघाले आणि मला माझाच वीट आला. तंबूतला प्रत्येकजण हेच म्हणाला असता.

त्यानं तिथंच बीपी मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं. वाढलेलं होतं. त्या दिवसाच्या धावपळीनं असेल म्हणून आठवड्यानं पुन्हा बोलावलं, तेव्हाही वाढलेलंच होतं. तेव्हापासून रोज सकाळी मी एक गोळी घेतो. मीठ कमी केलं, लोणचं सोडलं. चालायला जातो ते बळेच जातो, मला त्याची आवड नाही.

मामांना नांदेडला दाखवायचं ठरलं, पण त्याआधी मूत्रपिंडं सावरायला हवी होती. तोवर नळी आणि पिशवी घेऊनच घरी पाठवलं. पिशवी रिकामी करायचं काम कुणाचं, यावर घरात चर्चा झाली नाही. लेकीला त्यांनी जवळ येऊ दिलं नसतं. मीच करायला लागलो.

लोक म्हणतात सेवा करता करता किळस जाते. माझी गेली नाही. रोज सकाळी मी दातावर दात धरून खाली बसायचो, पिशवीची तोटी डब्यावर धरायचो, तो कोमट डबा मोरीत नेऊन ओतायचो आणि साबणानं हात धुऊन पुन्हा धुवायचो. नळीच्या कडेला पांढरट थर साचायचा तो उकळलेल्या पाण्यानं पुसायचा, सिस्टरनं शिकवलं तसा. डोळे मिटून ते करता येत नाही. एकदा पिशवीची तोटी माझ्याकडून नीट लागली नाही आणि माझ्या पायावर सांडलं. मी तोंडातून काहीतरी आवाज काढला असावा, कारण मामा बाजेवरून बघत होते.

"किळस येती ना तुमाला?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण इतके महिने आम्ही सगळे नाहीच म्हणत आलो होतो.

"येते, मामा."

त्यांनी पिशवीकडं बघितलं. मग म्हणाले, "मला बी येती. लई दिवसांपासून येती. स्वतःची किळस येती म्हणूनच तर कोणाला सांगितलं न्हाई."

मी पाय धुऊन आलो आणि त्यांच्या बाजेच्या कडेवर बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा ते नीट बोलले. पाणी पिताना भीती वाटायची. एस.टी.त बसायच्या आधी दिवसभर उपाशी राहायचे. सासूबाई गेल्या त्या दिवसांत, माणसं भेटायला येत होती तेव्हा, ते घरामागं जाऊन अर्धा अर्धा तास भिंतीला कपाळ टेकून उभे राहायचे, आणि लोकांना वाटायचं म्हातारा कोपऱ्यात जाऊन रडतोय. हे सांगताना ते किंचित हसले. मला हसू आलं नाही. मला त्या भिंतीचा राग आला, त्या लोकांचा आला, आणि मर्दानं अंगाबद्दल बोलायचं नसतं हे ज्यानं कुणी पहिल्यांदा ठरवलं त्याचा तर फारच.

नांदेडला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. तो कागद हातात आल्यावर बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली, उठेचना. नळी निघाली. धार लागली तेव्हा मामांनी मला आत बोलावून सांगितलं, एखाद्या लेकरासारखं. पण मूत्रपिंडांना जो मार बसला तो बसलाच. त्यांना आता खाण्यापिण्याचं पथ्य आहे, ठरल्या दिवशी रक्त तपासावं लागतं, अंगातली ताकद पूर्वीची राहिली नाही. वेळेत आले असते तर एवढंही झालं नसतं, हे त्यांना ठाऊक आहे. त्या भुकटीत काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. तंबू पावसाळ्यात उठून गेला आणि दिवाळीनंतर दुसऱ्या रस्त्याला दिसायला लागला. चित्र नवं होतं, पैलवान तसाच.

मी दुकानात गप्प बसायचं सोडलं. त्यानं माझा धंदा वाढला असं नाही. मोंढ्यातला तो दुकानदार पँटी आवळून घ्यायला आला तेव्हा मी त्याला म्हणालो की डाएट न करता एवढी कंबर उतरत नसते, शुगर तपासा, आणि त्या अंगठ्याकडं बघा. तो लाल झाला. माप घ्या, डाक्टरी करू नका म्हणाला, आणि पँटी उचलून समोरच्या टेलरकडं गेला. पुढं त्याचं पाऊल अर्धं कापावं लागलं असं कानावर आलं. तो अजून समोरच्याकडंच शिवतो. नवरदेवांना मी आता तोंड उघडायला लावतो. उघडत नसेल तर सूट नंतर, आधी दाताच्या डॉक्टरला दाखवून ये म्हणतो. बहुतेक हसतात, थुंकायला बाहेर जातात आणि परत येऊन हात पसरून उभे राहतात. माझ्या ओट्याची कड त्यांच्या थुंकण्यानं लाल झाली आहे. ती मी दर रविवारी घासतो.

यंदा शेतात हळद काढायच्या दिवसांत मामांना साखऱ्याला जायची हुक्की आली. मी सोबत गेलो. गावच्या देवळापुढं त्यांच्या वयाची माणसं बसली होती. कुणीतरी विचारलं की हिंगोलीला एवढे दिवस काय करून राहिला होता. मामा बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. नळी कुठून घातली, कशी घातली, पिशवीत काय आलं, कोणत्या रंगाचं आलं, सिस्टरनं काय धरलं, ऑपरेशननंतर किती दिवस रक्ताच्या गुठळ्या पडत होत्या. काही गाळलं नाही. समोर एकजण शेंगा खात होता, त्यानं शेंगा बाजूला ठेवल्या. ज्यानं ते सगळं हातानं ओतलं होतं तो मीही दुसरीकडं बघायला लागलो. म्हातारे तोंडं वाकडी करून ऐकत होते. एकजण म्हणाला, हे काय चारचौघांत बोलायचं असतं का.

"काहून न्हाई?" मामा म्हणाले. "तुमाला होत न्हाई का?"

एकेकजण काम काढून उठला. एक पचकन थुंकला आणि गेला. शेवटी बाजूला बसलेला एक लुकडा म्हातारा तेवढा राहिला, काळ्या पायजम्यातला, काठी दोन गुडघ्यांत धरून. त्यानं सगळे लांब गेल्याची खात्री केली आणि मामांच्या जवळ सरकला. मी उठून रस्त्यावर गाडी बघायला गेलो. वाऱ्यावर त्या म्हाताऱ्याच्या अंगाचा तो ओळखीचा आंबट वास माझ्यापर्यंत आला. मी नाकाला रुमाल लावला आणि त्या दोघांचं बोलणं होईपर्यंत तिथंच थांबलो. आम्हाला परतायला लागणारी सेनगावची एक गाडी गेली. मी तिला हात केला नाही.